क्यू घेऊन विमानाने जाताय? कोकणातून निघणाऱ्यांसाठी घरापासून टेबलापर्यंतची पूर्ण पद्धत

पूल किंवा स्नूकरचा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, भारतातल्या विमानतळावरून केबिनमध्ये नेता येत नाही. हातात नाही, पाठीवर नाही, वरच्या कप्प्यात पण नाही. तो चेक-इनलाच द्यायचा. हॉकी स्टिक, क्रिकेटची बॅट, गोल्फ क्लब यांच्यासोबत क्यूपण केबिनच्या बंदी यादीत आहे. एवढं माहीत नसल्यामुळे रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळकडची पोरं स्पर्धेला निघताना सिक्युरिटीच्या लायनीत अडकतात. आणि ज्यांना माहीत असतं त्यातले बरेच जण क्लबला नेतात तीच पातळ केस तशीच बेल्टवर सोडून देतात, मग तिकडे उतरल्यावर टिप (बॉलला लागणारं टोकावरचं चामडं) उडालेली नाहीतर जॉइंटची, म्हणजे क्यूचे तुकडे जोडायच्या जागेची, पिन वाकलेली. क्लबमध्ये विचारलं की कोणीतरी असतोच, "काय होवचा नाय रे, घेऊन जा." होतं, आणि मॅचच्या आदल्या दिवशी होतं.

म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. क्रम पाळा, कारण तिकीट कुठलं काढायचं ते क्यूच्या लांबीवर ठरतं आणि पॅकिंग कसं करायचं ते तिकिटावर. उलट्या क्रमाने केलं की पैसे आणि क्यू दोन्ही जातात.

१. आधी टेप घ्या आणि मोजा

क्यू जोडल्यावर साधारण ५७-५८ इंच, म्हणजे १४५ ते १४७ सेमी असतो. विमानासाठी हा आकडा कामाचा नाही (वन-पीस सोडला तर). जॉइंट उघडल्यावर जो सगळ्यात लांब तुकडा राहतो त्याची लांबी बघा, आणि मग केसची बाहेरून लांबी, रुंदी, उंची बघा.

मधोमध जॉइंट असलेला क्यू, पूलचे जवळजवळ सगळे असेच असतात, त्याचे दोन्ही तुकडे साधारण २९ इंच म्हणजे ७४ सेमीच्या आसपास. केस ८२-८५ सेमीची. हा सगळ्यात सोपा प्रकार, मोठ्या बॅगेत आत जातो.

थ्री-फोर्थ क्यू, म्हणजे जॉइंट मधोमध नसून पाऊण लांबीवर असतो, स्नूकरवाल्यांकडे जास्त करून हाच असतो. लांब तुकडा ४२ इंचाच्या आसपास म्हणजे १०७ सेमी, केस ११५-१२० सेमीची. कुठल्याही सुटकेसमध्ये जात नाही, त्याची वेगळी सोय करावी लागते.

वन-पीस, म्हणजे अख्खा १४७ सेमीचा दांडा. हा नेता येतो पण विमान कंपनीशी आधी बोलल्याशिवाय निघायचं नाही.

बऱ्याच विमान कंपन्या चेक-इनच्या एका नगाला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेमीची मर्यादा धरतात. मधोमध जॉइंटच्या केसचं गणित आरामात बसतं. थ्री-फोर्थची १२० सेमीची केस, वर १३ रुंदी आणि ७ उंची, झाले १४०, तीपण बसते. वन-पीसला पाइप किंवा लांब केस घेतली की नुसती लांबीच १५३ होते, मग रुंदी-उंची मिळवून १७० च्या आसपास जातं, म्हणजे ओव्हरसाइज.

इथे एक माझं मत. वन-पीस आहे आणि आता विमानाने जायचंय म्हणून घाईघाईत तो कापून जॉइंट बसवून घेऊ नका. जॉइंट बसला की बॅलन्स बदलतो, हिट बदलतो, हाताला सवय व्हायला महिने लागतात. वर्षातून एकदाच जायचं असेल तर ओव्हरसाइजचे पैसे भरा. सारखं जायचं असेल तर मधोमध जॉइंटचा दुसरा क्यू घ्या आणि घरी पण त्यानेच खेळायला सुरुवात करा.

थांबा: केस मोजताना हँडल, चाकं, बाहेरचा खिसा सगळं धरून मोजा. काउंटरवाले तसंच मोजतात.

२. तिकीट काढण्याआधी या गोष्टी बघा

डोमेस्टिकला इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी चेक-इन १५ किलो आणि केबिन ७ किलो असतं. क्यूचं वजन काहीच नसतं, अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम, पण अॅल्युमिनियमची केस धरली की दोनेक किलो त्यातच जातात. आणि वजनापेक्षा जास्त लोक अडकतात ते नगात. काही कंपन्या या १५ किलोत एकच नग धरतात, म्हणजे तुमची कपड्यांची बॅग एक आणि क्यूची केस दुसरी असं दिलं तर वजन कमी असूनसुद्धा दुसऱ्या नगाचे पैसे लागतात. आपल्या तिकिटावर "१ पीस" लिहिलंय का ते नीट वाचा. लिहिलं असेल तर मधोमध जॉइंटवाल्यांनी सगळं एकाच बॅगेत घालायचं आणि थ्री-फोर्थवाल्यांनी जास्तीचा नग आधीच ऑनलाइन घ्यायचा, काउंटरवर घेण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

विमान कुठलं आहे तेही बघा. चिपीला किंवा मोपाहून छोट्या शहरांना एटीआर विमानं असतात, त्यांचं सामानाचं पोट लहान असतं. मधोमध जॉइंटच्या क्यूला काही फरक पडत नाही, पण वन-पीसचा दीड मीटरचा पाइप असेल तर तो त्या विमानात घेतील का हे आधी विचारा. नुसता फोन करून "हो सर चालेल" ऐकून समाधान मानू नका. ईमेल करा, त्यात पीएनआर, केसची मापं आणि वजन लिहा, आणि उत्तर आलं की प्रिंट काढून ठेवा. काउंटरवरचा माणूस फोनवरचं बोलणं मानत नाही, छापील कागद दाखवला की निदान सुपरवायझरला बोलावतो.

मग विमानतळ. सिंधुदुर्गातल्या माणसाला आता चिपी, मोपा, दाभोळी असे तीन पर्याय दिसतात आणि गोव्याच्या दोन विमानतळांत गडबड अजून होतेच. मोपा पेडण्यात, सावंतवाडीवरून जवळ. दाभोळी वास्कोला, म्हणजे अख्खा उत्तर गोवा ओलांडून पुढे. तिकिटावर कोड बघा, जीओएक्स म्हणजे मोपा आणि जीओआय म्हणजे दाभोळी. चिपीचा एसडीडब्ल्यू. चिपीचं वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून गेल्या वर्षी कोणीतरी गेलं होतं यावर विसंबू नका. रत्नागिरी, चिपळूण, खेडवाल्यांना मुंबई सोपी पडते, पण तिथेही टी-वन, टी-टू आणि आता नवी मुंबई, तेव्हा तिकिटावर "मुंबई" लिहिलंय एवढ्यावर गाडी ठरवू नका.

कनेक्टिंग असेल तर शक्यतो एकाच पीएनआरवर काढा. दोन वेगळी तिकिटं असली की मधल्या विमानतळावर सामान उचलून परत चेक-इन करावं लागतं, आणि क्यू जितक्या वेळा बेल्टवर चढतो उतरतो तितका धोका.

३. क्यू तयार करा, निघायच्या दोन-तीन दिवस आधी

हे काम आदल्या रात्री करू नका.

पहिलं म्हणजे क्यू पुसून कोरडा करणे. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली असते आणि लाकूड ते पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर जाणार असाल तर क्यू दोन दिवस पंख्याच्या खोलीत, भिंतीला तिरका टेकवून नाही, तर आडवा सपाट ठेवून सुकू द्या. उन्हात नाही. चुलीच्या किंवा गिझरच्या बाजूला तर अजिबात नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने शाफ्ट (क्यूचा पुढचा, टिपकडचा भाग) पुसा, ओल्या फडक्याने नको.

दुसरं, टिप. टिप अगदीच संपत आली असेल तर जाण्याआधी आठवडाभर बदलून घ्या, म्हणजे ती बसायला वेळ मिळतो. नवी टिप लावून दुसऱ्या दिवशी विमानात बसलात तर तिकडे टिप चॉक (तिला लावायचा खडू) धरत नाही, मिसक्यू होतात म्हणजे टिप बॉलवरून घसरते, आणि दोष क्यूला जातो.

तिसरं, फोटो. जॉइंट उघडून दोन्ही टोकं, पिन, फेरूल (टिपखालची कडी), टिप, बटवरचा (मागच्या जाड भागावरचा) लोगो किंवा नंबर, आणि केसचे आतून-बाहेरून फोटो तारखेसकट काढा. बिल असेल तर त्याचाही. हे फोटो पुढे क्लेमला लागतात, ते कसं ते खाली आहेच.

चेक करा: दोन्ही भाग वेगवेगळे आणि जोडून, असे टेबलावर लोळवून बघा. निघताना क्यू सरळ होता हे आपल्यालाच माहीत नसेल तर परत आल्यावर वाद कसला घालणार?

४. पॅकिंग

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि कारण एकच, क्यू केसमध्ये हलतो. माणसांना वाटतं बाहेरून मार बसून क्यू तुटतो. तसं कमी होतं. आतल्या आत क्यू पुढे-मागे सरकत राहतो, बॅग फेकली की टिपवर किंवा जॉइंटवर आपटतो, असं दहा-बारा वेळा झालं की टिप निघते, फेरूलला चीर जाते. हापूसच्या पेटीत पेंढा जसा भरतात, फळ हलता कामा नये इतका, तसंच इथे करायचं.

क्रम असा:

क) जॉइंटवर प्रोटेक्टर लावा. दोन्ही बाजूंना, पिनवर आणि आट्याच्या भोकावर. प्रोटेक्टर नसेल तर पिनवर घट्ट बसेल असा रबरी नळीचा तुकडा कापून चढवा आणि दुसऱ्या बाजूला मऊ कापड गुंडाळून कागदी टेप मारा. टेप कापडावर, लाकडावर नाही, नाहीतर काढताना पॉलिश निघतं.

ख) प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळा. जुनी सुती साडी किंवा धुवून मऊ झालेला पंचा यासारखं दुसरं काही नाही. दोन तुकडे एकमेकांना घासता कामा नयेत. प्लास्टिकची फिल्म थेट लाकडावर गुंडाळू नका, आधीच थोडा दमटपणा असेल तर तो आत कोंडतो आणि तिकडे गरम झालं की लाकूड वाकायला मोकळं.

ग) टिपच्या टोकाला स्पंज. दीड-दोन इंचाचा तुकडा केसच्या तळाशी घाला, वरच्या बाजूलाही घाला. टिप थेट केसच्या भिंतीला टेकता कामा नये.

घ) केस बंद करा आणि जोरात हलवा. कानाजवळ धरून. खडखड आला तर उघडून रिकाम्या जागी मोजे कोंबा, परत हलवा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत पुढच्या पायरीवर जायचं नाही.

ङ) सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता बाहेरची बॅग. केस एकटीच बेल्टवर सोडायची नाही, अगदी हार्ड केस असली तरी. लांब बारीक वस्तू बेल्टच्या वळणावर आडवी अडकते आणि मागून वीस किलोची बॅग येऊन धडकते.

मधोमध जॉइंटवाल्यांसाठी २८ इंची सुटकेस चालते पण त्यात ८२ सेमीची केस सरळ बसत नाही, आतली लांबी ६८-७० च्या आसपासच असते. तिरकं ठेवून बघा. आतून ६८ गुणिले ४७ ची बॅग असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ८२ सेमी मिळतात, पण केसला जाडी असते त्यामुळे कोपऱ्यात शिरत नाही. ७४ सेमीचे गुंडाळलेले तुकडे, केसशिवाय, दोन्ही बाजूंना लाकडी पट्टी किंवा पातळ पीव्हीसी पाइप लावून बांधले तर मात्र तिरके छान बसतात. त्याहून चांगलं म्हणजे क्रिकेटची किट बॅग. कोकणात प्रत्येक वाडीत कोणाकडे तरी असतेच, मागून घ्या. हार्ड केस तिच्यात सरळ जाते, चारी बाजूंनी कपडे भरता येतात, चाकं असतात. फक्त आकार मोजून घ्या, मोठी किट बॅग फुगवून भरली की १५८ च्या पुढे जाते.

बॅगेत केस मधोमध पाहिजे. खाली कपड्यांचा थर, मग केस, वर परत कपडे, बाजूंना पण कपडे. बूट आणि टॉयलेटरीची पिशवी केसच्या अंगावर येणार नाही अशी चाकांच्या बाजूला.

थ्री-फोर्थ आणि वन-पीसवाल्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून ७५ किंवा ११० एमएमचा पीव्हीसी पाइप घ्यावा, सांडपाण्याचा असतो तोच. ७५ मध्ये नुसता गुंडाळलेला क्यू जातो, गोल ट्यूब केस आत घालायची असेल तर ११० घेऊन दुकानातच घालून बघा. क्यूपेक्षा सहाएक सेमी लांब कापून घ्या, कापलेली कड पॉलिश पेपरने घासा. दोन्ही टोकांना कॅप, एक टोक सोल्युशनने चिकटवलं तर चालेल पण दुसरं फक्त टेपने बंद करा. सिक्युरिटीला आत बघायचं असेल तर उघडता आलं पाहिजे, दोन्हीकडून पक्कं चिकटवलेलं कोणी घेणार नाही. पाइप गोल असल्यामुळे बेल्टवर घरंगळतो, म्हणून दोन ठिकाणी फोमच्या जाड पट्ट्या बांधा.

थांबा: कार्बन शाफ्ट आहे म्हणून हे सगळं सोडू नका. कार्बनला दमट हवेचं काही होत नाही हे खरं, पण आपटल्यावर तोही चिरतो, आणि लाकडासारखा दुरुस्त होत नाही. जॉइंट आणि टिप तर तशाच नाजूक.

पावसाळ्यात एक जास्तीचा थर लागतो. विमानापर्यंत सामान उघड्या ट्रॉलीतून जातं, जुलैत बॅग भिजते म्हणजे भिजतेच. प्लास्टिक इथे वापरा, आतली केस मोठ्या जाड पिशवीत घालून तोंड दुमडा. लाकडाला प्लास्टिक लावायचं नाही पण केसला लावायचं, हे लक्षात ठेवा.

शेवटी केसच्या आत एक चिठ्ठी, नाव, मोबाइल, जायचं गाव. बाहेरचा टॅग तुटतो, आतली चिठ्ठी राहते. बॅगेत ट्रॅकर टाकला तर उत्तम, छोट्या बटण सेलचा चालतो.

५. बाकीचं सामान कुठे जाईल

यात लोक फार गोंधळ घालतात, त्यामुळे सरळ सांगतो.

टिप कटर, ब्लेड, शेपर, फाइल, धातूचं एक्स्टेन्शन हे सगळं चेक-इनमध्ये. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही, त्यासाठी बॅग उघडायला परत बोलावतात आणि तुमचं छान केलेलं पॅकिंग दुसऱ्याच्या हातात जातं. शाफ्ट पुसायचं स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल, आणि पेट घेणारा रबरी गम, दोन्ही घरी ठेवा, हातात पण नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही. क्यूला लावायचं तेलसुद्धा ठेवून जा, सांडलं की कापडातून थेट लाकडात.

चॉक, ग्लोव्ह आणि एखादी जास्तीची टिप हातातल्या बॅगेत ठेवा. बॅग उशिरा आली तर निदान क्लबच्या क्यूने खेळताना स्वतःचा चॉक असतो. सवयीच्या चॉकचा फरक ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको.

६. घर ते विमानतळ

विमानातल्यापेक्षा रस्त्यात जास्त हाल होतात, खास करून मे महिन्यात. गाडी उन्हात उभी करून जेवायला गेलात की डिकी भट्टी होते. क्यू डिकीत ठेवू नका, मागच्या सीटवर आडवा ठेवा आणि गाडी थांबली की सोबत आत न्या. एसटीत पाठीमागच्या डिकीत देऊ नका, मधोमध जॉइंटची केस वरच्या रॅकवर बसते. टपावर काही नाही.

रेल्वेने जात असाल तर लोअर बर्थखाली भिंतीच्या बाजूला सरकवा. वन-पीसचा पाइपसुद्धा तिथे मावतो. दाराजवळ उभा करून ठेवलात तर कोणीतरी त्याला टेकून उभं राहणारच. गणपतीच्या आसपास तर गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तिकीट कन्फर्म नसेल तर क्यू घेऊन निघू नका.

वेळेचं गणित: डोमेस्टिकला चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं. क्यू असला की दोन तास आधी, वन-पीस असेल तर अडीच. घाट, पाऊस आणि महामार्गाचं काम हे धरून त्याच्या मागे अजून वेळ सोडा.

७. काउंटरवर

पहिलं वाक्य हे बोला: "यात क्यू आहे, स्पोर्ट्सचं सामान आहे, नाजूक आहे." बॅग बेल्टवर गेल्यावर बोलून उपयोग नाही. फ्रॅजाइलचा स्टिकर मागा. स्टिकरवर फार भिस्त ठेवू नका, पण लावून घ्या.

कधी कधी ते एका टॅगवर सही मागतात. ती सही म्हणजे बऱ्याचदा "सामान आधीच नाजूक किंवा नीट पॅक नव्हतं, तुटलं तर आमची जबाबदारी मर्यादित" अशी कबुली असते. वाचा. पॅकिंग नीट केलेलं असेल तर उघडून दाखवा आणि सही टाळता येते का बघा. हार्ड केस, आत कपडे, बाहेर बॅग असं दिसलं की ते पण आग्रह धरत नाहीत असा अनुभव आहे.

ओव्हरसाइज असेल तर टॅग लावून तुम्हाला दुसऱ्या काउंटरला पाठवतील. तिथे स्वतः घेऊन जा आणि एक्स-रेतून पार होईपर्यंत उभे रहा. काही छोट्या विमानतळांवर चेक-इनची बॅग काउंटरच्या आधीच एक्स-रे होते, तिथे कोणी विचारलं तर शांतपणे उघडून दाखवा आणि परत स्वतःच्या हाताने भरा. त्यांना भरायला देऊ नका.

चेक करा: टॅगवरचा कोड तुमच्या शेवटच्या ठिकाणाचा आहे ना. परतीच्या प्रवासात गोव्याला येताना तर हमखास बघा, जीओएक्स की जीओआय. बॅगेच्या पावतीचा फोटो काढा.

आणि चुकून क्यू हातात घेऊन सिक्युरिटीपर्यंत पोचलात तर? वाद घालू नका, तिथे नियम बदलत नाही. वेळ असेल तर लगेच विमान कंपनीच्या माणसाला गाठा आणि मागे येऊन चेक-इन करा. सोडायला आलेलं कोणी बाहेर असेल तर त्याच्याकडे द्या. म्हणूनच सोडायला आलेल्याला "तू जा आता" असं सिक्युरिटी पार होईपर्यंत म्हणायचं नाही.

८. परदेशी जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतही केबिनमध्ये क्यू चालत नाही, चेक-इनच. ब्रिटनच्या सिक्युरिटीच्या यादीत क्यू हातातल्या सामानात चालतो, आणि तिथून आलेल्या कोणाचं तरी ऐकून लोक इथे हुज्जत घालतात. निघताय भारतातून, नियम भारताचा. शिवाय ७४ सेमीचा तुकडा ५५ सेमीच्या केबिन बॅगेत तसाही बसत नाही.

अमेरिकेला जाताना साधं कुलूप लावू नका, तपासणीसाठी तोडतात. टीएसएचं, म्हणजे तिथल्या सिक्युरिटीला न तोडता उघडता येणारं, कुलूप लावा.

क्यू महागडा असेल तर जाताना कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. म्हणजे परत येताना हा तिकडून विकत आणलाय असं समजून ड्युटी लावायचा प्रश्न येत नाही. हे बॅग चेक-इन करण्याआधी करायचं काम आहे, क्यू आणि बिल दाखवावं लागतं. त्यासाठी वेगळा अर्धा-पाऊण तास ठेवा.

जुना, आजोबांच्या काळातला क्यू असेल आणि त्यात हस्तिदंत असेल तर तो देशाबाहेर नेऊच नका. वन्यजीव कायद्याचा मामला आहे.

परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर सामान उचलून कस्टम्स पार करून पुढच्या विमानासाठी परत द्यावं लागतं. मुंबईला उतरून मोपाला येणाऱ्यांनी हे धरून मधला वेळ ठेवा.

९. उतरल्यावर, बाहेर पडायच्या आधी

मधोमध जॉइंटची बॅग नेहमीच्या बेल्टवर येते. पाइप किंवा लांब केस बहुतेक वेगळ्या ओव्हरसाइजच्या जागी आणून ठेवतात, तिकडे आधी जा, इकडे बेल्टकडे बघत तासभर काढू नका.

बॅग मिळाली की तिथेच उघडा. लाज वाटते, मागे लोक असतात, तरी उघडा. पिन, जॉइंट, फेरूल, टिप, बटची मागची बाजू. काही तुटलं असेल, किंवा बॅगच आली नसेल, तर बाहेर न पडता विमान कंपनीच्या बॅगेज डेस्कवर पीआयआर म्हणजे सामानाच्या तक्रारीचा रिपोर्ट करा आणि त्याचा नंबर घ्या. एकदा बाहेर गेलात की "हे हॉटेलमध्ये तुटलं नसेल कशावरून" हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. मॉन्ट्रियल करारानुसार सामान खराब झाल्याची लेखी तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत करावी लागते. पीआयआर करूनसुद्धा ईमेल वेगळा पाठवा, फोटो आणि बिल जोडून.

भरपाईची अपेक्षा बेताने ठेवा. डोमेस्टिकला विमान कंपनीची सामानाची जबाबदारी २०,००० रुपयांपर्यंत धरलेली आहे. चांगला क्यू त्याहून सहज महाग असतो, म्हणून महाग क्यू असेल तर प्रवास विमा काढताना खेळाचं सामान त्यात येतं का आणि एका वस्तूची मर्यादा किती ते विचारून घ्या.

१०. खेळायच्या आधी

लगेच जोडून ब्रेक मारायला उभे राहू नका. क्यू विमानाच्या थंड पोटातून आलाय, आणि आपल्या दमट हवेतून कोरड्या एसी हॉलमध्ये आलाय. लाकूड आकसतं. हे बघायचं असेल तर अॅशच्या क्यूवर पितळी फेरूल आणि लाकूड जिथे मिळतं तिथे अंगठ्याचं नख फिरवा. घरी नख न अडकता सरकत होतं, डिसेंबरात दिल्लीला पोचल्यावर तिथेच बारीकशी कड लागते. पितळ तेवढंच राहतं, लाकूड आत जातं. घाबरायचं नाही आणि पॉलिश पेपर घेऊन घासायचं तर मुळीच नाही, घरी आल्यावर लाकूड परत फुगतं आणि मग घासलेली फेरूल खोल राहते.

केस उघडी ठेवून क्यू हॉलच्या हवेत काही तास, शक्य असेल तर रात्रभर, आडवा ठेवा. मग जोडा. जॉइंट घट्ट बसत नसेल किंवा जोडताना करकर वाजत असेल तर आट्यात सुताचा धागा अडकलाय का बघा, बहुतेक पॅकिंगचाच असतो.

मग टेबलावर लोळवा, निघताना जसा लोळवला होता तसा. टिप बोटाने दाबून बघा, कडेने सुटली असेल तर मॅचमध्ये निघण्याआधी आत्ता लावून घ्या. सरावाला निदान दोन फ्रेम खेळा, हॉलच्या हवेत टेबलाच्या कापडावर बॉल पण वेगळा पळतो.

११. परतीला

परत येताना सगळे थकलेले असतात आणि पॅकिंग पाच मिनिटांत उरकतात. नुकसान परतीला जास्त होतं ते यामुळेच. स्पंज, पंचा, मोजे, प्रोटेक्टर हे सगळं हॉटेलवर फेकू नका, जाताना एका पिशवीत एकत्र ठेवा. ट्रॉफी मिळाली तर ती केसच्या बॅगेत अजिबात नाही, जड आणि टोकदार वस्तू आहे, हातात चालते का काउंटरवर विचारा नाहीतर दुसऱ्याच्या बॅगेत द्या.

एक्सपोर्ट सर्टिफिकेट हाताच्या बॅगेत वरच ठेवा.

घरी आल्यावर क्यू केसमध्ये बंद राहू देऊ नका. त्याच दिवशी काढून पुसा, ओल्या झालेल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून द्या, केस उघडी करून पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात भिजलेल्या केसच्या आतल्या कापडाला दोन-चार दिवसांत बुरशी येते आणि ती क्यूला लागते.